कोऱ्या कापडाची पट्टी

"सर, लोक माका इचारतत, ह्यो सायब रानात लादी पुसता काय?"

वैजयंती गुरव हसत म्हणाली, आणि मीही हसलो, कारण दिसायला ते अगदी तसंच दिसत होतं. मीटरभर लांबरुंद पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड, त्याच्या एका कडेला काठी, काठीला दोरी. ती दोरी धरून मी काजूच्या बागेतल्या पाचोळ्यावरून कापड ओढत चाललो होतो. दहा पावलं झाली की थांबायचं, कापड उलटायचं, नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघायचं. मोहरीपेक्षा बारीक ठिपका दिसला आणि तो चालत असला, तर ते गोचिडीचं पिल्लू. चिमट्याने उचलून बाटलीत टाकायची आणि बाटलीवर जागा नि वेळ लिहायची.

माझ्या हुद्द्याचं नाव कीटक समाहारक. मी, नागनाथ सरगर, सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. लहानपण मेंढरांच्या कानांतल्या गोचिडी काढण्यात गेलं. नोकरीचा कागद आला तेव्हा वडील म्हणाले होते, "घरी फुकट करत होतास, त्याचाच आता सरकार पगार देणार म्हण की." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ऐनवळ हे गाव गोव्याच्या हद्दीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. मला तिथे पाठवलं त्याचं कारण हद्दीपलीकडच्या दोन गावांत वानरं मरून पडली होती आणि पाठोपाठ माणसांना ताप आला होता. वैजयंती गावची आशा कार्यकर्ती. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, घरी ती आणि सासरा धाकू गुरव, मारुतीच्या देवळाचा पुजारी. गावात मला कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे ती रोज माझ्याबरोबर रानात यायची. अंगाला कीटक दूर ठेवणारं तेल चोळायचं, पायात बूट, पायजमा मोज्यात खोचलेला. माझ्या त्या अवताराची तिने पहिल्या दिवशी यथेच्छ टिंगल केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तशीच आली.

"यंदा मात्र बरां आसा," ती झाडाकडे बघत म्हणाली. "वांदरां नाय इली. एक बोंडू खावंक नाय. लोक खूश आसत."

मीही वर बघितलं. लवकर धरलेली लालपिवळी बोंडं फांद्यांना जशीच्या तशी लोंबत होती. बागेत कसलाही आवाज नव्हता. दरवर्षी फटाके लावून, डबे बडवून वानरं हाकलणाऱ्या गावात त्या वर्षी कोणाला डबा वाजवावा लागला नव्हता. मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

दुपारी सावलीत भाकरी सोडली की ती प्रश्न विचारायची. आशांच्या प्रशिक्षणात तिला 'माकडताप, विषाणूजन्य आजार' एवढी एक ओळ मिळाली होती आणि तेवढ्याने तिचं समाधान होत नव्हतं.

"आमच्याकडे पावणो इलो की पयलां कुळ इचारतत. ह्या इषाणूचां कुळ खंयचां?"

"डेंगूचं जे कुळ तेच. चुलतभाऊ म्हण. जपानी मेंदूज्वर म्हणतात तोही त्यातलाच. ते दोघे डासावर बसून येतात, हा गोचिडीवर."

"पण कुळ ठरवतत कसां? तापावरनां?"

"तापावरून नाही ठरवत. ताप शंभर गोष्टींनी येतो. विषाणूच्या आत एक धागा असतो. तो कसला आहे, एकेरी की दुहेरी, त्याच्यावर आवरण आहे की नाही, आणि तो आपल्या नकला कशा काढतो, हे बघतात."

"म्हणजे काय करता तेच्यावरनां नाय, कसो बनलोहा तेच्यावरनां."

रेवणकर मॅडम, म्हणजे आरोग्य केंद्राच्या डॉक्टर, त्यांनी मला हे अर्धा तास समजावलं होतं. हिने एका वाक्यात सांगितलं. मग मी तिला पुढचं सांगितलं. विषाणू एकटा असताना काहीच करू शकत नाही. खात नाही, वाढत नाही, मेला की जिवंत हेही धड सांगता येत नाही. पण आपल्या पेशीत शिरला की त्या धाग्यावरचा मजकूर पेशी वाचायला लागते. मजकूर एवढाच, की माझ्या नकला काढ. पेशीला वाटतं हे आपलंच काम. ती काढत बसते, हजारांनी, आणि त्या नकला शेजारच्या पेशींत शिरतात.

तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"म्हणजे घरातलीच माणसां तेका रांदून घालतत," ती म्हणाली. "आणि तेंका म्हायतच नाय कोणाक जेवूक घालतो तां."

गावातल्या बायकांच्या बैठकीत पुढे ती हेच सांगायची आणि बायकांना ते कळायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात देवळामागच्या वडाखाली वानर मेलेलं सापडलं. मोठा नर होता. वैजयंतीनेच मला फोन केला आणि मी पोचेपर्यंत कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. नियम साधा होता. पन्नास मीटरवर चुन्याची रेघ मारायची, नमुने घ्यायला जनावरांच्या डॉक्टरांची वाट बघायची, मग पाचोळ्यासकट सगळं तिथेच जाळायचं. कारण वानर मेलं, अंग गार पडायला लागलं, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात. जेवण अर्धवट राहिलेलं असतं, त्यामुळे जे पहिलं ऊबदार अंग भेटेल त्याला लागतात.

मी चुन्याची रेघ मारत होतो तेवढ्यात धाकू गुरव आला. सत्तरीचा, काटकुळा, अंगात बंडी. मागे चारजण कळश्या घेऊन.

"देव मेलो आसा, सायबानू. तेका तुमी कचऱ्यासारको जाळतलास?"

"काका, हात लावू नका. आजार आहे."

"माज्या बापाशीन केला, आजान केला. वांदर मेलो की आंघूळ, वर कापाड, आणि गुरवाक धा दिवस सुतक. आमच्या गावात देवाचां मढां कोणी असां टाकूक नाय कदी."

वैजयंती पुढे झाली. सासऱ्याशी ती हळू आवाजात बराच वेळ बोलली. म्हातारा ऐकत होता, पण बघत होता माझ्याकडे. हा माणूस बिथरला तर गाव बिथरणार, आणि गाव बिथरलं की पुढचं वानर लोक आपल्याला कळवायचेसुद्धा नाहीत, हे मला ठाऊक होतं. हद्दीपलीकडे असंच झालं होतं. लोकांनी वानर गुपचूप पुरलं आणि कळलं तेव्हा सातजण अंथरुणाला खिळले होते.

शेवटी धाकूकाका म्हणाला, "बरां. आंघूळ नुको. मी हातय लावूचंय नाय. पण उघडो कसो ठेवतलंय? कापाड तरी घालूंक देवा."

कापडाला मी हो म्हटलं. तेवढ्यात सगळं निभावलं म्हणून मला फार हलकं वाटलं. माझ्या पिशवीत फ्लॅनेलचं एक कोरं कापड होतं, त्याची निळी किनार अजून शाबूत होती. मी हातमोजे घालून, काठीच्या टोकाने ते वानरावर पांघरलं. धाकूकाकाने लांबून हात जोडले. जनावरांचे डॉक्टर यायला अडीच तास लागले आणि तोपर्यंत ते कापड तिथेच होतं.

नमुने झाले. चितेसाठी पाचोळा ओढला. कापड बाजूला काढून काठीवर ठेवलं होतं, तेही जाळायचं होतं. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. धाकूकाका कापडाच्या कडेशी वाकला होता. फर्र असा आवाज आला. मग त्याने कापड काठीने आगीत लोटलं आणि सगळं जळून जाईपर्यंत तो हात जोडून उभा राहिला. वैजयंतीने दुसऱ्या बाजूने मला अंगठा दाखवला. गाव राखलं होतं आम्ही दोघांनी.

नवव्या दिवशी वैजयंतीला ताप आला.

मी रक्ताचा नमुना घ्यायला रेवणकर मॅडमबरोबर तिच्या घरी गेलो. ती ओटीवर चटईवर पडली होती. डोळे लाल, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"कपाळ फुटता, सर. हाडां कोणीतरी कांडपात घातल्यासारकी वाटतत." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "इलो पावणो. आता माजां घर रांदून घालता तेका."

"गोचीड चावली होती कुठे?" मॅडमनी विचारलं.

"पाच दिसांआदी काखेत एक गावली. काढून टाकलंय. पण मॅडम, रानात गेलंय तेवां तेल लावलेलां, बूट घातलेले. खंयसून इली तीच कळना नाय."

मलाही कळेना. म्हणून मॅडम तिला तपासत असताना मी आतल्या खोलीत कपडे बघायला गेलो. दारामागे खुंटी होती. खुंटीला तिची आशाची साडी, इस्त्री केलेली. साडी उचलली तर खाली, भिंतीलगत, एक वीतभर रुंद पांढरी पट्टी टांगलेली होती. फ्लॅनेलची. एका बाजूला निळी किनार.

मघाशी मी लिहिलं की फर्र आवाज आला तेव्हा मी चिठ्ठ्या चिकटवत होतो. चिकटवत होतो हे खरं, पण मी मान वर केली होती. म्हाताऱ्याने कापडाची कड फाडली, घडी केली आणि बंडीत घातली हे मला स्वच्छ दिसलं होतं. आमच्याकडेही माणूस गेला की कफनाची पट्टी फाडून कर्ता खांद्यावर घेतो, दहा दिवस वागवतो, मग पाण्यात सोडतो. मला ते बघताक्षणी कळलं होतं. आंघोळ सोडली, हात लावणं सोडलं, एवढा म्हातारा आपल्या शब्दावर चालला. आता एवढ्याशा पट्टीवरून कशाला त्याला दुखवा, असं मनात आलं आणि मी मान खाली घातली.

पट्टी मी चिमट्याने उचलली. घडीत दोन गोचिडी होत्या. एक हलत होती. दिवसभर म्हातारा ती पट्टी बंडीखाली वागवत असणार आणि सून ओरडेल म्हणून घरात आला की तिच्या साडीमागे लपवत असणार. त्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं. उभा जन्म रानात गेलेला माणूस, कधीतरी हा ताप त्याच्या अंगावर निघून गेला असेल.

मी पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी खिशात घातली. गोचिडी बाटलीत टाकल्या. बाटलीवर जागा लिहायची होती. मी लिहिलं, 'गुरव यांच्या घरामागील पाचोळा'. वहीतही तेच लिहिलं. बाहेर आलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "काही मिळालं?" मी म्हणालो, "मागे पाचोळ्यात दोन मिळाल्या." पट्टी मी संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या भट्टीत जाळली.

दहा दिवस वैजयंती आरोग्य केंद्रात होती. अहवाल आला, माकडतापच होता, आणि माझ्या बाटलीतल्या गोचिडीतही तोच विषाणू सापडला. तोपर्यंत तिचा ताप उतरला होता. ती उठून बसली, पेज प्यायली, नवऱ्याशी फोनवर भांडली. धाकूकाका देवळातला अंगारा घेऊन आला होता. सगळे खुशीत होते. रेवणकर मॅडम तेवढ्या नव्हत्या. व्हरांड्यात त्या मला म्हणाल्या, "सरगर, हा ताप काहींना दोनदा येतो. पहिल्यांदा रक्तात असतो. मग आठवडा-दोन आठवडे माणूस ठणठणीत. दुसऱ्यांदा आला तर मेंदूवर जातो."

"किती जणांना?"

"दहात एखाद्याला. हिला घरी सोडते आहे, पण रोज बघायला जा."

मी रोज गेलो. ती उन्हात बसून काजू सोलायची. मी मान वळवून दाखवायला सांगायचो, हात पुढे धरायला सांगायचो. ती म्हणायची, "सर, तुमी माझ्यात काय शोधतास? गोचीड?" पाचव्या दिवशी तिने हात पुढे धरले आणि बोटं थरथरत होती. तिने ती माझ्याआधी बघितली. मुठी मिटून मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "थंडी आसा." फेब्रुवारीची भर दुपार होती.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तिला नेलं. सहा दिवस तिला कोणाची ओळख लागली नाही. सातव्या दिवशी ती गेली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

बाराव्याला मी धाकू गुरवाच्या दारात गेलो तर त्याने मला ओटीवर चढू दिलं नाही.

"देवाची आंघूळ चुकयलंस तू माझ्या हातून," तो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "मी सुतक धरलंलंय. तेच्या कापडाची पट्टी घेतलंलंय, तुमका कळू नये म्हणान चोरून. धाव्या दिसाक न्हंयत सोडूची, तर नवव्या दिसाक खुंटयेवरनां नायशी झाली. तू नि डाक्टरीण रगात घेवंक इल्यात, तां सोडून घरात कोण येवंक नाय. देवान ती परत नेल्यान. माझी सेवा घेवंक नाय तेना. आणि माज्या बदली ह्या चेडवाक, माज्या सुनेक नेल्यान."

खरं सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याला सांगायचं, की तुझ्या सुनेला तू मारलंस, तुझ्या हाताने, तुझ्या बंडीतून. त्यापेक्षा त्याने मला दोष द्यावा, देवाला द्यावा, ते बरं, असं मी स्वतःला समजावलं. दयाबुद्धीने गप्प बसलो असं मला वाटायचं. आज वाटत नाही. मला माझी कातडी वाचवायची होती. वही माझ्या अक्षरात होती.

मार्चमध्ये पुन्हा वानर मेलं. या वेळी फोन आला नाही. मी रानातून परत येत होतो, देवळाजवळ माणसं दिसली म्हणून गाडी थांबवली. देवळाच्या पायरीशीच मादी मरून पडली होती. पंधरा-वीस माणसं, बायका कळश्या भरून आलेल्या, आणि मध्ये धाकू गुरव, उघड्या अंगाने, पाटावर बसलेला. वानराचं डोकं मांडीवर घ्यायला तो हात पुढे करत होता.

"काका, थांबा."

"ऱ्हव थयच," तो म्हणाला. "एकदा तुजां आयकलंय."

मी चुन्याच्या गोणीकडे गेलो नाही. त्यांच्यात शिरलो आणि त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"पट्टी देवाने नेली नाही. मी नेली."

त्याचा हात तसाच राहिला.

"खुंटीवर, वैजयंतीच्या साडीखाली होती. घडीत दोन गोचिडी होत्या. त्यांच्यात तोच ताप होता. देव रागावलेला नाही, काका. त्या गोचिडी वानराच्या अंगावरून कापडात आल्या, कापडावरून पट्टीत, पट्टीवरून तिच्या साडीत." मी मादीकडे बोट केलं. "ह्या वानरावरही असतील. आता उतरत असतील. बायकांना मागे व्हायला सांगा."

बायका आपणहूनच मागे सरल्या. कळशी ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरीचा. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, जणू सगळे दिवस मोजत होता, वडाखालच्या दुपारपासून खुंटीपर्यंत.

"पट्टी फाडलंय तेवां," तो म्हणाला, "तुका दिसलां?"

"हो."

"दिसलां?"

"हो, काका. बघितलं मी."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"तुम्ही नाराज व्हाल म्हणून."

हे इतकं क्षुल्लक होतं की मोठ्याने म्हटल्यावर मलाच ते ऐकवेना. पाटावरून उठायला त्याला वेळ लागला. मी हात दिला, तो त्याने घेतला नाही. पावलं मोजत तो देवळापासून लांब गेला, कुंपणाजवळच्या दगडावर बसला आणि बाकीच्यांना हाताने मागे या म्हणाला. सगळे आले. मी रेघ मारली, डॉक्टर आले, नमुने झाले, आग लागली. त्याने कापड मागितलं नाही.

धूर कमी झाल्यावर मी बाटल्या भरून, वही घेऊन त्याच्याजवळून चाललो होतो. त्याने हाक मारली.

"तां काय लिवतंस तेच्यात?"

"गोचीड कुठे सापडली ते."

"चेडवाच्या टायमाक काय लिवलंस?"

मी ते पान काढलं आणि वाचून दाखवलं. गुरव यांच्या घरामागील पाचोळा. मग त्याने सरकून दगडावर मला जागा केली.

"खोड तां," तो म्हणाला. "कापाड कोणी दिलां, पट्टी कोणी फाडल्यान, कोणी बगल्यान, सगळां लिव. आदी तुजां नाव लिव. मगे माजां."

मी पेन काढलं आणि त्याने सांगितलं त्याच क्रमाने लिहिलं.